तोंडाने वाजवलेलं डफडं

चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळच्या टीव्हीच्या दुकानासमोर पत्रू थांबला, तो मॅच पाहायला नाही. फुटबॉलमधलं त्याला काही कळत नव्हतं. हातात मुलीच्या दुसरीच्या पुस्तकांची पिशवी होती, घामाने सदरा पाठीला चिकटला होता आणि बाबूपेठेकडे जाणारी ऑटो मिळते का, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. काचेपलीकडे संध्याकाळच्या बातम्या लागल्या होत्या. शहाऐंशीच्या जूनमध्ये बातम्यांच्या शेवटी रोज वर्ल्ड कपचे दोन-चार तुकडे दाखवत, तसेच दाखवत होते. पिवळ्या बनियनवाली पोरं धावत होती आणि मागे, बोलणाऱ्याच्या आवाजाखाली, प्रेक्षकांतून कुणीतरी ढोल वाजवत होतं. जड, पोटातून आलेला एक ठोका, मग थोडी रिकामी जागा, मग दुसऱ्या ढोलाचा त्याहून वरचा ठोका. पहिला हाक मारतो, दुसरा ओ देतो. पत्रूने मनातल्या मनात म्हटलं, सुर्दु. पहिला सुर्दु, दुसरा सुर्दु. चार वर्षांत हा शब्द त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. बातमी बदलली, हवामान सुरू झालं, दुकानदाराने आवाज कमी केला. पत्रू तसाच उभा. ऑटोवाला 'येता का' म्हणून विचारून निघून गेला. आपण कुठे निघालो होतो ते त्याला एक क्षण आठवेना. मग आठवलं, पण पाय गेटकडे न वळता उलट्या दिशेला, रामाळा तलावाकडे चालू लागले.

ऐंशीच्या सुमाराला माजरीच्या कोळसा खाणीत तो लॅम्प रूममध्ये होता. प्रत्येक पाळीला खाली उतरणाऱ्या माणसांना टोपीचा दिवा आणि कमरेची बॅटरी द्यायची, वर आल्यावर परत घ्यायची, चार्जिंगला लावायची. भिंतभर दिव्यांच्या रांगा, त्यांच्या खाली आकडे. खोलीत अॅसिडचा आंबट वास कायमचा मुरलेला. सुरुवातीला डोळ्यांतून पाणी यायचं, मग त्या वासाशिवाय हवा अळणी वाटायला लागली. या खोलीवर देखरेख करायचे ते इलेक्ट्रिकल फोरमन कायतान फुर्तादो. गोव्याचे, सहा फूट उंच, वाकून चालणारे, पन्नाशी उलटलेले, एकटे. तरुणपणी नागपुरात रेल्वेवाल्यांच्या नाचाच्या हॉलमध्ये ते व्हायोलिन वाजवत असत. नंतर डाव्या हाताची दोन बोटं मशिनीत गेली आणि व्हायोलिनही गेलं. त्यांची थोरली बहीण एर्मेलिंदा पोर्तुगिजांच्या काळातच लग्न होऊन ब्राझीलला, सांतोस नावाच्या बंदरात गेली होती. ती दर तीन-चार महिन्यांनी कॅसेटी पाठवी, सोबत पोर्तुगीजमध्ये लांबलचक पत्रं. एकदा लॅम्प रूममध्ये पत्रू दिव्यांचे आकडे तपासताना पेन्सिलीने टेबलावर काहीतरी ठोकत होता. फुर्तादोसाहेब दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, 'कुणी शिकवलं?' पत्रू म्हणाला, कुणी नाही. साहेब म्हणाले, रविवारी क्वार्टरवर ये.

त्या पहिल्या रविवारचं त्याला आता काय काय आठवत होतं. साहेबांच्या क्वार्टरमधला वेताचा सोफा, येशूच्या तसबिरीखालचा जपानी टेप, कॅसेटची सैल झालेली फीत पेन्सिल घालून घट्ट करणारी त्यांची तीन बोटं. त्यांनी बटण दाबलं. आधी नुसती खरखर आली, दूरच्या घरातली, दूरच्या हवेची. मग तो ठोका. पत्रूच्या नाकात एकाएकी वास भरला, धानाच्या तणसाच्या जाळावर तापवलेल्या कातड्याचा. खोलीत जाळ नव्हता, कातडं नव्हतं. वास मात्र इतका खरा होता की त्याने वळून मागे पाहिलं. साहेबांना वाटलं, त्याला आवाज मोठा वाटतोय. त्यांनी तो कमी केला.

घरी येऊन त्याने आईला त्या वासाबद्दल विचारलं. गिरजाबाई तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, तू दोन-अडीच वर्षांचा होतास, तुला कसं आठवेल. मग दाराकडे पाहून हळूच सांगितलं की तुझा बाप गावात डफडं वाजवत होता, त्याचा बापही वाजवत होता, लग्नाच्या आधी तणसाचा जाळ करून ते तापवत. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला आणि त्याने ते सोडलं. इथे कॉलनीत कुणाला ठाऊक नाही. 'बाबाजोळ काढजो नको हे,' ती म्हणाली. पत्रूने मान हलवली. कॉलनीला त्याचे बाबा, लहानूजी देवगडे, ठाऊक होते ते विहारात वंदना सांगणारे, पांढऱ्या सदऱ्यातले, कोळसा भरण्याच्या कामावरून रिटायर झालेले, कमी बोलणारे गृहस्थ म्हणून. बिहारपासून तेलंगणापर्यंतची माणसं खाणकामगारांच्या घरांच्या त्या लाइनीत राहत आणि भांडण झालं की निवाड्याला त्यांना बोलावत.

मग दीड वर्ष दर रविवारी तो साहेबांकडे जात राहिला. साहेब शिकवत ते शाळेतल्यासारखं नाही, पण क्रम सोडत नसत. आधी ऐकायचं, मग बहिणीच्या पत्रातलं त्या कॅसेटबद्दलचं वाचून हिंदी-मराठीत सांगायचं, मग पुन्हा ऐकायचं. पत्रू वहीत उतरवून घेई. आफ्रिकेतून माणसं जहाजात कोंबून नेली, उसाच्या मळ्यांत आणि खाणींत राबवली. अठराशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत ती गुलाम होती. त्यांच्यापाशी काहीच राहिलं नव्हतं, ठोके तेवढे राहिले होते. मालकांच्या दिवाणखान्यात युरोपातले नाच चालत, पोल्का, वॉल्ट्झ. रिओ शहरात बासरी, गिटार आणि कावाकिन्यो नावाची चार तारांची छोटी गिटार घेऊन साध्या नोकऱ्या करणाऱ्या लोकांनी ते नाच आपल्या पद्धतीने वाजवायला घेतले आणि त्यातून निघालं शोरु. पत्रूला वाटलं, शोर म्हणजे गोंगाट. साहेब म्हणाले, नाही, शोरु म्हणजे रडणं. 'पण ऐक, रडताना किती चपळ आहे,' ते म्हणाले, आणि बासरी उड्या मारत खाली येते ती जागा त्यांनी चारदा ऐकवली. मग सांबा. बाहिया प्रांताकडून रिओला आलेल्या काळ्या बायकांच्या घरांत पुढच्या खोलीत सभ्य नाच चाले आणि मागच्या अंगणात सांबा. पोलीस आलेच तर पुढची खोली पाहून परत जावेत म्हणून. नुसती खंजिरी हातात दिसली तरी माणसाला धरून नेत, अशी एक वेळ होती. पुढे त्याच सांब्याच्या मंडळ्या झाल्या, त्यांना शाळा म्हणतात, आणि कार्निव्हलला शेकडो ढोल घेऊन त्या शहराच्या मोठ्या रस्त्याने निघतात. त्यात त्या बाहियाच्या बायकांची एक रांग असतेच, घेरदार पांढरे झगे घातलेली, तिच्याशिवाय मिरवणूक पुरी धरत नाहीत.

ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी मुलखातलं बायांव साहेबांनी लावलं तेव्हा पत्रू हसला होता. भाता ओढून वाजवायचा अकॉर्डियन, लोखंडी त्रिकोण आणि एक ढोल, बस. त्याला दिवाळीनंतर वडसा-नवरगावकडे होणारी झाडीपट्टीतली नाटकं आठवली, रात्रभर चालणारी, पेटीवाल्याची भात्यावरची बोटं आठवली. आणि बोसा नोवा त्याला पहिल्यांदा अजिबात आवडलं नाही. समुद्रासमोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या शिकलेल्या पोरांनी पन्नासच्या दशकाच्या शेवटी काढलेलं, शेजारी जागा होऊ नये इतक्या हळू गायलेलं. 'यात ढोल कुठी आहे?' त्याने विचारलं. साहेबांनी आपला धडधाकट उजवा अंगठा गिटार धरल्यासारखा हवेत हलवला. म्हणाले, तो सुर्दु आता या अंगठ्यात जाऊन बसला, नीट ऐक. पत्रूने डोळे मिटले. बराच वेळ काही नाही, आणि मग गिटारच्या जाड तारेवर, अगदी मऊ, तो ठोका. त्या दुपारी क्वार्टरवरून लाइनीकडे परतताना खाणीच्या दोरखंडाच्या चाकात, विहिरीच्या रहाटात, आईच्या सुपात, सगळीकडे त्याला खाली लपलेला एक ठोका ऐकू येत होता. इतकं सुख त्याला आधी किंवा नंतर कशाने झाल्याचं आठवत नाही. लग्नाच्या दिवशीही नाही. हे बायकोला, रुखमाला, कधी सांगता आलं नाही.

तलावाच्या काठच्या दगडावर बसून पत्रू पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन होता. पाण्याला उन्हाळ्याचा शेवटचा हिरवा वास होता. पुढचं आठवायचं नाही असं त्याने ठरवलं असतं तरी ते आलंच असतं. ब्याऐंशीच्या जानेवारीत साहेबांनी नागपूर रेडिओला पत्र लिहिलं होतं. रविवारी सकाळी परदेशच्या संगीतावर पंधरा मिनिटांचं भाषण लागत असे, त्यासाठी. बोलावणं आलं, पण साहेबांची मराठी ऐकून तिथले अधिकारी नम्रपणे म्हणाले की मजकूर तुमचा असू द्या, वाचणारा दुसरा आणा. साहेबांनी पत्रूचं नाव सांगितलं. मग तीन रविवार कॅसेट बाजूला ठेवून त्यांनी त्याला 'मले'चं 'मला' आणि 'काऊन'चं 'का' करायला लावलं. गोव्याचा माणूस झाडीतल्या माणसाला पुण्याची मराठी शिकवत होता, दोघंही चुकत होते आणि हसत होते.

स्टुडिओतली ती खोली. भिंतींना भोकांभोकांची फळी, दार लागल्यावर कानांवर कुणीतरी हात ठेवल्यासारखी शांतता. पत्रू वाचायला लागला, इतक्या घाईने की वाक्यं एकमेकांच्या अंगावर पडत गेली. शेवटचं पान संपलं तेव्हा काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने घड्याळ दाखवलं. दीड मिनिट उरलं होतं. त्याने हाताने खूण केली, बोला, बोलत राहा. साहेब काचेपलीकडे उभे होते, त्यांच्याही चेहऱ्यावर तीच खूण. पत्रूच्या समोर कागद नव्हता. तोंड उघडलं आणि जे आलं ते असं होतं: 'आमच्याकडेही एक वाद्य आहे. माझे वडील लहानू देवगडे गावात डफडं वाजवत. छप्पन साली त्यांनी ते सोडलं. ब्राझीलच्या लोकांनी ढोल सोडला नाही, म्हणून आज सारं जग त्यांच्या ढोलावर नाचतं. मला वाटतं, आम्हीही सोडायला नको होतं.' हे तो अगदी सावकाश बोलला, सगळ्या भाषणात पहिल्यांदाच सावकाश. अधिकारी बाहेर येऊन म्हणाला की शेवटचं फार छान झालं. पत्रूलाही ते छान वाटलं होतं. परतीच्या गाडीत वरोऱ्यापर्यंत तो स्वतःवर खूश होता. आपण आईला दिलेला शब्द मोडला हे त्याच्या लक्षात माजरीला उतरताना आलं, आणि तेव्हाही त्याने स्वतःला समजावलं की अभिमानानेच तर बोललो.

भाषण लागायचं होतं त्या रविवारी लाइनीतल्या माणसांनी देवगड्यांच्या दारासमोर चटया टाकल्या. पोरगा रेडिओवर येणार म्हणून बाबांनी स्वतः ट्रान्झिस्टर उंबऱ्यावर ठेवला होता, नव्या सेलचा. नाव पुकारलं गेलं तेव्हा त्यांनी मान किंचित खाली घातली, लोकांना हसू दिसू नये म्हणून. पत्रू त्यांच्याकडेच पाहत होता. आफ्रिका आली, जहाजं आली, बाबा मान हलवत होते. पोलीस खंजिरीवाल्याला धरतात ते आलं तेव्हा ते 'असंच असते' असं काहीसं पुटपुटले. मग शेवटची दीड मिनिटं आली. बाबांनी रेडिओ बंद केला नाही. पूर्ण ऐकलं, नंतरची जाहिरात ऐकली, मग उठून ट्रान्झिस्टर आत नेऊन फळीवर ठेवला, चपला घातल्या आणि नाल्याकडे निघून गेले. लोक पत्रूला शाबासकी देत होते. आईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

त्यानंतर बाबा त्याच्याशी बोलले नाहीत. राग दाखवला नाही, ताट वेगळं मांडलं नाही. नुसतं बोलणं थांबलं. घरात एक भिंत असावी आणि सगळ्यांनी तिच्या कडेने चालावं तसं झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी पलीकडच्या लाइनीतला पोचय्या आला. भला माणूस, ड्रिलवर काम करणारा, त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणाला, लहानूभाऊ, पोरीचं लग्न आहे मार्चात, चंद्रपूरचा बँड परवडत नाही, तुम्हाला वाजवता येतं हे ठाऊकच नव्हतं, आमच्या मांडवात वाजवा ना. पत्रू आत टॉवेल शोधत होता.  बाहेरून बाबांचा आवाज आला. 'मले येत नाई.' पोचय्या म्हणाला, पण रेडिओवर तर सांगितलं. 'पोरगा चुकला,' बाबा म्हणाले, 'मले वाजवता येत नाई.' पत्रूच्या आयुष्यात बापाला खोटं बोलताना त्याने ऐकलं ते तेवढं एकदाच, आणि ते त्याच्यामुळे. हातातला टॉवेल घेऊन तो मोरीत जाऊन बसला. अंगावर पाणी घ्यायचं त्याला सुचेना. त्याला वाटलं, आपण दीड वर्ष त्या वहीत इतकं लिहिलं आणि एक ओळही वाचली नाही.

तो साहेबांकडे जायचा थांबला. लॅम्प रूममध्ये साहेबांनी विचारलं तेव्हा त्याने सगळं सांगितलं. साहेबांनी हातातली बॅटरी खाली ठेवली. म्हणाले, मी खूण केली बोल म्हणून, माझाही वाटा आहे त्यात. ते माफी मागायला घरी येतो म्हणाले, पत्रूने नको म्हटलं. आणि मग त्याच आठवड्यातल्या रविवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, काही न सांगता बाबा स्वतःच उठले, पांढरा सदरा घातला आणि पत्रूला म्हणाले, 'चाल.' वीस-बावीस दिवसांतला पहिला शब्द. त्याच्यापुढे काही नाही. ते पुढे, तो मागे. बाबा साहेबांच्या क्वार्टरचं फाटक ढकलून आत गेले.

साहेब गडबडले. खुर्ची पुढे केली, बाबा बसले, ताठ, दोन्ही हात मांडीवर. म्हणाले, 'साहेब, ज्यायच्यापायी माहं नाव रेडिओवर गेलं, थे मले आयकवा.' साहेबांनी पत्रूकडे पाहिलं आणि मग क्रमानेच लावायला सुरुवात केली. शोरु, जुना सांबा, बायांव, बोसा नोवा. पत्रू दाराशी भिंतीला टेकून उभा होता, बसायचं धैर्य नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. बोसा नोव्याला त्यांनी 'हा मानूस कोनाले भेते?' एवढंच विचारलं. शेवटी साहेबांनी कार्निव्हलची कॅसेट लावली, शंभर-दोनशे ढोलांची, आणि बहिणीच्या पत्रातलं वर्णन सांगू लागले, रस्ता कसा, दिवे कसे, ढोलवाले कसे चालतात. बाबांनी हात वर करून त्यांना थांबवलं. 'थे मधातून जातेत?' त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, हो, रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंना लोक बसलेले. 'अन आखरीले कुठी जातेत?' साहेबांना प्रश्न कळला नाही. बाबा म्हणाले, 'आमी वरातीच्या पुढं असो. साऱ्याच्या पुढं. मांडवापाशी वरात आली का थे आत जात, आमी भायेर. पत्रावळी उठल्यावर आमाले वाढत. म्हनून इचारलं, आखरीले कुठी जातेत.'

कॅसेट चालूच होती. साहेबांनी ती थांबवली नाही. मग बाबा पत्रूकडे न पाहता, पत्रूशी बोलले. गावात नकार दिला तेव्हा विहीर बंद झाली, धानकापणीला कुणी बोलावलं नाही, तुझी आई नाल्याचं पाणी आणत होती. डफड्याचं कातडं मी सुरीने सोडवलं, लाकडाचं कडं चुलीत घातलं, त्या जाळावर त्या दिवशीचा भात शिजला, तूही खाल्लास. मग माजरीला आलो. 'मी सोडलं थे बराबर सोडलं,' ते म्हणाले. 'त्यायनं ठेवलं थे बी बराबर. तुले दोन्ही संगच दिसलं पायजे होतं, बापू. तुले एकच दिसलं.' पत्रूला रडू आलं नाही.  तो म्हणाला, 'चुकलो मी, बाबा.' बाबांनी मान हलवली, म्हणजे हो, चुकलास, आणि ते तिथेच संपलं.

जायला उठले आणि पुन्हा बसले. साहेबांना म्हणाले, पोराने वहीत त्यांचं सगळं लिहिलं आहे, आमचं काहीच नाही. वाजवणार नाही मी, हात लावणार नाही, बाबासाहेबांच्या समोर सोडलेलं आहे. 'पन तोंडानं सांगतलं तं वाजवलं थोडंच होते?' साहेबांनी एक कोरी कॅसेट काढली आणि टेपची दोन बटणं एकदम दाबली. बाबांनी हात मांडीवर तसेच घट्ट ठेवले. घसा साफ केला. मग त्या कमी बोलणाऱ्या, वंदना सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून डफडं निघालं. जाड काडीचा धड्डांग, बारीक काडीचं टिकिटिकि, मधली रिकामी जागा ते श्वासाने धरत. नवरदेव निघतो तेव्हाचं, हळद लागते तेव्हाचं, पोळ्याचं, दवंडीचं आणि मयतीचं, प्रत्येकाच्या आधी नाव सांगून. मयतीचं सांगताना डोळे मिटले होते. पंचवीस वर्षांत एकही बोल हरवला नव्हता. त्यांची बोटं एकदाही हलली नाहीत, पत्रूने नीट पाहिलं होतं. साहेबांचा तुटक्या बोटांचा हात मात्र वेताच्या खुर्चीवर आपोआप ठेका धरत होता.

त्या कॅसेटची एक प्रत साहेबांनी बहिणीला पाठवली. उत्तर यायला पावसाळा उलटला. तोवर गडचिरोली वेगळा जिल्हा झाला होता, देवगड्यांचं गाव तिकडे गेलं होतं आणि बाबा गमतीने म्हणत की आपण न हलता परजिल्ह्यातले झालो. साहेब पत्र घेऊन स्वतः लाइनीत आले, उंबऱ्यावर बसून त्यांनी ते वाचलं. एर्मेलिंदाच्या शेजारी गोदीत काम करणारा एक काळा म्हातारा राहत होता, तिथल्या सांब्याच्या शाळेत तीस वर्षं दुसरा सुर्दु वाजवणारा. तिने त्याला ती कॅसेट ऐकवली. त्याने ती तीनदा ऐकली. मयतीच्या ठेक्याला त्याने टोपी काढली, कुणी सांगितलं नसताना. आणि एवढंच विचारलं की हा जो माणूस आहे त्याचं नाव काय.

 'नाव,' बाबा म्हणाले. मग पत्रूला वही आणायला सांगितली. म्हणाले, गावात मला हाक मारायचे ती वाजंत्र्या म्हणून, माझ्या बापालाही तीच, आम्ही दोघं सोबत असलो तर दोघंही वळून पाहत असू. 'लिव्ह. लहानू गोविंदा देवगडे. पुरं लिव्ह, बापाचं नाव सोडजो नको.' पत्रूने लिहिलं. बाबांनी ते वाचून दाखवायला लावलं, स्वतःला वाचता येत होतं तरी दोनदा. साहेब ते पोर्तुगीज अक्षरांत उतरवत असताना त्यांनी विचारलं, 'अन त्याचं?' साहेबांनी पत्र उलटून पाहिलं. बहिणीने 'शेजारी' एवढंच लिहिलं होतं, नाव नव्हतं. बाबा म्हणाले, मग तेही विचारा. साहेबांनी शेवटी एक ओळ वाढवली.

तलावावर दिवे लागले होते. एक म्हातारी म्हशी घेऊन पाण्यातून बाहेर आली. पत्रूला घरी जायला हवं होतं, पोरगी पुस्तकांची वाट पाहत असणार. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात साहेब रिटायर होऊन गोव्याला गेले, त्यांची दोन पत्रं आली, नंतर नाही. सांतोसचं उत्तर त्यांच्याकडे आलं की वाटेत हरवलं, की तो गोदीतला म्हातारा तोवर गेला, काही कळलं नाही. बाबा त्याच्या पुढच्या वर्षी गेले. शेवटचे सहा महिने ते फार बोलत नसत, पण चिडचिडही करत नसत. पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी, जेवता जेवता, घास हातातच धरून विचारत, 'आलं का त्याचं नाव?' पत्रू म्हणे, नाही अजून.

'येईन,' ते म्हणत. 'त्याले बी येळ लागत असन. तिकडं बी पयल्यांदाच कोनी इचारलं असन.'